'पुढच्या वेळी येणार कसे?' : आईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांची पद्धत

कडबा

गेल्या शुक्रवारी आईचं शेवटचं रेडिएशन झालं. हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. सोलापुरात बसतात एवढं पुरे.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, सोलापूरपासून एसटीने अडीच तास. आई ६१ वर्षांची. छातीत डाव्या बाजूला गाठ हाताला लागली दिवाळीचा फराळ करताना, आम्हाला सांगितली संक्रांत झाल्यावर. मधले दोन महिने गप्प का, तर तूर निघायची होती.

बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन मी आणि मामा आधी दोघंच आत गेलो. सगळे सांगतात तेच मीही सांगितलं, "डॉक्टर, आईला सांगू नका, ती खचेल." ते म्हणाले, "बरं, मी नाही सांगत. मी फक्त विचारतो. बोलवा त्यांना." आई आल्यावर टेबलाच्या पलीकडची खुर्ची सोडून ते स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. "मावशी, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?"

आई म्हणाली, "क्यान्सर हाय. चार दिस झालं पोरगं माझ्या तोंडाकडं बघून बोलंना. मला काय कळत न्हाई व्हय?"

मामा खिडकीबाहेर बघायला लागला. मी कुठे बघत होतो आठवत नाही.

मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं: आधी ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन. आणि झाल्यावर विचारलं, "पुढच्या वेळी येणार कसे?" मला वाटलं, सहज विचारतायत. नाही. कुठली एसटी, किती वाजता पोचते, परतीची शेवटची गाडी कधी, सोबत कोण, घरी स्वयंपाक कोण करणार, जनावरांचं कोण बघणार. सगळं फाईलमध्ये लिहून घेतलं. मी वाकून बघितलं तर शुगर-बीपीच्या खाली लिहिलं होतं: '१ म्हैस. सून बाळंतीण. मुलगा पुण्यात. शेवटची गाडी ५:४५.'

त्या चार ओळींचा उपयोग काय, हे केमो ठरवताना कळलं. पहिले चार डोस लाल औषधाचे, दर तीन आठवड्यांनी. पुढच्या टप्प्यासाठी ते म्हणाले, दोन रस्ते आहेत. एक औषध दर आठवड्याला, असं बारा वेळा. दुसरं दर तीन आठवड्यांनी, चार वेळा. निकाल जवळपास सारखा. दुसऱ्याने पांढऱ्या पेशी जास्त पडतात, त्यासाठी दुसऱ्या दिवशी एक इंजेक्शन घ्यावं लागतं. "बारा वेळा येणं तुम्हाला जमेल का? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका." आम्ही चार वेळांचा रस्ता घेतला. ते दुसऱ्या दिवशीचं इंजेक्शन मी बर्फ घातलेल्या थर्मासमधून एसटीने गावी न्यायचो. गावातल्या डॉक्टरांना यांनी आमच्यासमोरच फोन लावून कसं द्यायचं ते सांगितलं होतं.

आणि कॅलेंडर. दुसऱ्या भेटीला त्यांनी घरचं भिंतीवरचं कॅलेंडर आणायला सांगितलं होतं. आई देवघराशेजारचं कालनिर्णय गुंडाळी करून घेऊन आली. प्रत्येक केमोच्या तारखेभोवती त्यांनी गोल केला आणि नंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसावर तांबड्या पेनने ठिपके दिले. या दिवसांत पेशी सगळ्यात खाली असतात. लग्न नाही, बाजार नाही, यात्रा नाही, सर्दीवाल्या नातवंडाला जवळ घेणं नाही. ताप १००.४ च्या वर गेला तर घरी क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, रात्रीचे दोन असले तरी फोन करायचा. आईने त्यांना नाव ठेवलं 'तांबडे दिवस'. गावात कुणी बोलवायला आलं की भिंतीकडे बोट दाखवायची. जवळच्या भावकीतल्या एका लग्नाला अशीच गेली नाही आणि त्यावरून भांडण झालं ते वेगळं.

हे सगळं वाचून वाटेल की डॉक्टर फार मऊ आहेत. तसं नाही. रेडिएशन नेमकं सोयाबीन काढणीत आलं. पंधरा बैठका, सोमवार ते शुक्रवार. आई म्हणाली, दहा दिवस पुढे ढकला. तिला वाटलं होतं, ऐकतील. "मावशी, केमो मी दोन दिवस इकडे-तिकडे केली ना? हे करणार नाही. सोयाबीन मजुराकडून काढा." विषय संपला. तीन आठवडे सोलापुरात मावशीकडे राहिलो.

तुमचे अनुभव लिहा. चांगले-वाईट दोन्ही.

---

गवती_चहा

'शेवटची गाडी ५:४५' वाचून घशात अडकलं काहीतरी.

आमच्या बाबांच्या वेळी याच्या अगदी उलट. हॉस्पिटल मोठं, लॉबीत पियानो. डॉक्टर नावाजलेले, हुशारीबद्दल शंका नाही. पण सहा महिन्यांत त्यांनी बाबांचा चेहरा बघितला असेल तर दोनदा. नजर स्क्रीनवर. एकदा बाबांनी विचारलं, "मला हातापायाला मुंग्या येतात, शर्टाची बटणं लावता येत नाहीत." उत्तर आलं, "दॅट्स एक्स्पेक्टेड." संपलं. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "त्यांना अपेक्षित होतं, तर मला आधी सांगायचं ना." त्यानंतर त्यांनी काही विचारणंच सोडलं.

---

रेडिओ_रेसिडेंट

सरकारी हॉस्पिटलमध्ये रेडिएशन विभागात आहे. दोन गोष्टी आतल्या बाजूने.

पहिली, सोयाबीनची. तुमच्या डॉक्टरांनी तिथे ताणून धरलं ते बरोबरच. रेडिएशनचा सगळा हिशोब रोजच्या रोज मार देण्यावर असतो. मध्ये खंड पडला की जगलेल्या पेशी तेवढ्या दिवसांत पुन्हा वाढतात. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला हे सगळ्यात जास्त लागू. तिथे सहा-सात आठवडे रोज यावं लागतं आणि नेमकं चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं, गिळता येत नाही, माणूस घरी पळतो. त्यामुळे 'येणार कसे, राहणार कुठे' हा प्रश्न औषधाइतकाच उपचाराचा भाग आहे. आम्हाला कॉलेजात हा कुणी शिकवत नाही. पहिल्या दहा पेशंटनी उपचार अर्धवट टाकल्यावर आपोआप शिकतो.

दुसरी गोष्ट, गवती_चहा यांना. स्क्रीनकडे बघण्याचं समर्थन करत नाही. पण आमच्या ओपीडीत एका सकाळी ऐंशी केसपेपर असतात. स्टूल ओढून बसायची इच्छा पहिल्या पंचवीसपर्यंत टिकते. पंचविसाव्यानंतर मी कसा डॉक्टर असतो हे माझं मलाच बघवत नाही.

---

घाटमाथा

थोडं विरुद्ध लिहितो, माफ करा.

माझ्या बायकोचे डॉक्टर इतके गोड की काय सांगू. नावाने हाक, मुलांची चौकशी, दिवाळीला स्वतःहून फोन. ओव्हरीचा कॅन्सर होता, तिसऱ्यांदा परतलेला. प्रत्येक वेळी "अजून एक औषध आहे, करून बघू." शेवटची केमो दिली ती ती जाण्याच्या नऊ दिवस आधी. तिला तिच्या आईच्या घरी, कोकणात जायचं होतं. मी म्हटलं, हा एक डोस होऊ दे, मग जाऊ. डॉक्टरही तेच म्हणाले.

त्यांच्या प्रेमळपणाबद्दल माझी तक्रार नाही. पण 'आता थांबू या' हे वाक्य त्यांना म्हणता आलं नाही, आणि आम्हालाही ते ऐकायचं नव्हतं. स्टूलवर कोण बसतं यापेक्षा ते वाक्य कोण म्हणतं हे मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं.

---

कडबा

@घाटमाथा, यावर मी काय लिहू. माफी कसली मागताय. हे इथे यायलाच हवं होतं.

---

म्हापशेकर

घाटमाथा यांनी लिहिलेलं वाचून परळ आठवलं. टाटा हॉस्पिटल ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग. टाटाचे मोठे सर्जन, आमचे गोंयकार. वांद्र्याला बाहेरगावच्या पेशंटसाठी त्यांच्या नावाचं निवासस्थान आहे. सर्जनच्या नावाने पेशंटला राहायची जागा असावी, हे मला पुतळ्यापेक्षा भारी वाटतं.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या एका गोव्याच्या सर्जनचं, डॉ. लुईस डिसोझा. तेही टाटाचेच. ऑपरेशन करून बरे न होणारे पेशंट शेवटी जातात कुठे, या प्रश्नातून त्यांनी १९८६ साली वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन काढलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना सांभाळणारं ठिकाण. नंतर गोव्यात लोटली इथेही शाखा झाली. माझी आत्या तिथे शेवटचे तीन आठवडे होती. पैसे कुणी मागितले नाहीत. तिला रोज संध्याकाळी बाहेर व्हरांड्यात आणून बसवायचे, आणि ती माडांवरच्या कावळ्यांना कोंकणीत शिव्या घालायची. घरी असताना ती दुखण्याने ओरडायची. शिव्या घालायला ताकद उरायला दुखणं आधी थांबावं लागतं.

पुण्यातल्यांसाठी: वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (दुखणं कमी करून पेशंटला सांभाळण्याचं) सेंटर आहे, १९९७ पासून, तेही मोफत. आणि तिथे फक्त 'शेवटचे' जातात असं नाही. उपचार चालू असतानाही दुखणं आटोक्यात आणायला जाता येतं.

---

एक_पुणेकर

मॉर्फिनबद्दल, म्हणजे खूप दुखण्यावर देतात त्या अफूपासूनच्या औषधाबद्दल, कुणी लिहील का? आमच्या घरी डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पण सवय लागेल म्हणून काकांनी देऊ दिलं नाही. काका केमिस्ट्रीचे प्राध्यापक. जाऊ दे.

---

रेडिओ_रेसिडेंट

@एक_पुणेकर, दुखण्यासाठी, मोजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलं तर व्यसन लागण्याची भीती फार कमी. साधी गोळी दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, दुखायची वाट बघायची नसते. खरा त्रास बद्धकोष्ठतेचा. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. हे न सांगता नुसती गोळी दिली की चौथ्या दिवशी पेशंट म्हणतो, 'ती गोळी नको.'

मिळत नाही, हीसुद्धा खरी अडचण. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे परवान्यांची इतकी भानगड झाली की दुकानदार आणि हॉस्पिटलं दोघांनीही ठेवणं बंद केलं. २०१४ ला कायद्यात दुरुस्ती झाली, नियम सोपे झाले. भीती मात्र अजून जुन्याच कायद्याची आहे.

---

नेत्रा_के

'येणार कसे' या एका प्रश्नावर एका माणसाने अख्खं हॉस्पिटल उभं केलंय, म्हणून लिहिते. डॉ. रवी कण्णन. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये सर्जरी विभागाचे प्रमुख होते. २००७ साली ते सोडून आसामात सिलचरला गेले, कछार कॅन्सर हॉस्पिटलमध्ये. बराक खोऱ्यातलं छोटं हॉस्पिटल, सोसायटीने चालवलेलं. पेशंट बहुतेक चहामळ्यातले मजूर, शेतकरी.

तिथे गेल्यावर लक्षात आलं की लोक एकदा येतात आणि परत येत नाहीत. कारण औषधाचं नव्हतंच. आजारी माणसासोबत कुणीतरी यावं लागतं, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. वर गाडीभाडं, राहणं, जेवण. मग त्यांनी उपचार फुकट किंवा नाममात्र दरात तर केलेच, पण राहायची आणि जेवायची सोयही केली, आणि सोबत आलेल्या माणसाला हॉस्पिटलमध्येच तात्पुरतं काम द्यायला सुरुवात केली. झाडलोट असेल, बांधकाम असेल. म्हणजे पेशंट वॉर्डात आणि नवऱ्याची रोजी चालू. ज्यांना येताच येत नाही त्यांच्या घरी टीम जाते आणि घरच्यांना दुखणं कसं सांभाळायचं ते शिकवते. उपचार पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं. २०२३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो या कामासाठी.

मला त्यात काय आवडतं सांगू? या सगळ्यात नवीन औषध एकही नाही.

---

खडीसाखर

माझे वडील ट्रकवर होते. गुटखा वीस वर्षं. गालाचा कॅन्सर. ज्या-ज्या डॉक्टरकडे गेलो त्या-त्या डॉक्टरने आधी ओरडून घेतलं. "आता कशाला रडता, खाताना कळलं नाही?" एकाने तर आईसमोर. वडील मान खाली घालून उभे, जणू पोलीस ठाण्यात आहेत.

शेवटी ज्यांच्याकडे ऑपरेशन केलं त्यांनी विचारलं, "रात्रीची गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून सुरू केलं ना?" वडिलांनी मान वर केली. नंतर म्हणाले, "त्या माणसाला माझा धंदा कळला." गुटखा त्याच दिवशी सुटला असं नाही हां. दोनदा परत धरला. पण ते लपवलं नाही, त्यांना जाऊन सांगितलं. आधीच्या डॉक्टरांना कधीच सांगितलं नसतं.

आमच्याकडच्या बायका मिश्री लावतात, त्यांना तर कुणी विचारतही नाही. 'तंबाखू खाता का?' 'नाही.' मिश्री म्हणजे त्यांच्या लेखी दंतमंजन.

---

लीड्सकर

इंग्लंडमधून. इथे कन्सल्टंट दहा मिनिटंच देतो, पण त्याच्याइतकंच महत्त्वाचं माणूस म्हणजे स्पेशालिस्ट नर्स. निदान सांगताना ती खोलीत असते, डॉक्टर गेल्यावर थांबते, आणि तिचा थेट फोन नंबर देते. माझी जी होती तिने पहिल्या दिवशी विचारलं, कुत्र्याला फिरवायला कोण आहे. म्हणजे म्हशीचा प्रश्न इथेही आहेच, फक्त तो विचारणं हे एका माणसाचं नेमून दिलेलं काम आहे.

आपल्याकडे सगळं डॉक्टरच्या स्वभावावर सोडलेलं असतं. चांगला भेटला तर नशीब. रेसिडेंट साहेबांच्या ऐंशी केसपेपरांना स्वभाव पुरणार नाही, अशा तीन सिस्टर हव्यात.

---

रेडिओ_रेसिडेंट

@लीड्सकर, शंभर टक्के. आमच्याकडे ते काम एक सोशल वर्कर मॅडम करतात. एकट्या, सगळ्या विभागांना मिळून.

आणि पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून. खर्च विचारणं हीसुद्धा डॉक्टरची पद्धत असते. काहींना ते कमीपणाचं वाटतं, जे सर्वोत्तम तेच लिहून देतात, घरच्यांनी शेत विकायचं की नाही ते घरच्यांनी बघावं. याला टाटातल्या लोकांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं) औषध आहे, नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, बिल लाखांत. त्यांनी डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये, स्वस्त तोंडी गोळ्यांच्या जोडीला, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन बघितलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने १६.३ टक्के पेशंट हयात होते, हे जोडल्यावर ४३.४ टक्के. पेशंटच्या खिशाकडे बघून विचारलेला प्रश्न आणि चोख विज्ञान, दोन्ही एकत्र जमतं.

---

गवती_चहा

@कडबा, एक विचारायचं राहिलं. ताप आला तर फोन करा म्हणाले, तो नंबर त्यांचा स्वतःचा होता का? आमच्याकडे तर रिसेप्शनच्या पुढे फोन जात नसे.

---

कडबा

नाही. वॉर्डात एक मोबाईल असतो, ड्युटीवरच्या सिस्टरकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माझा नंबर देत नाही. मी रात्री झोपतो. झोपलो नाही तर सकाळी तुमचा डोस चुकवीन." आईला ते फार पटलं. मला तेव्हा जरा रागच आला होता.

फोनची वेळ एकदा आली, तिसऱ्या डोसनंतर. दहावा दिवस, रात्री साडेअकरा, ताप १०१. सिस्टरने पेशी, लघवी, खोकला सगळं विचारलं आणि म्हणाली, निघा. गावातल्या एकाची जीप केली. पोचलो तेव्हा सलाइनची बाटली स्टँडला टांगून तयार होती. पाच दिवस ॲडमिट. जनआरोग्य योजनेतून झालं, आरोग्यमित्राने कागद बघितले.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक: उपचाराला जाताना कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. त्याचा ठरावीक फॉर्म डॉक्टरकडून भरून, सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. आम्हाला हे शेजारच्या खाटेवरच्या बार्शीच्या आजोबांनी सांगितलं.

---

घाटमाथा

कडबा, तुमच्या डॉक्टरांनी आईला 'पुढे काय' हे सांगितलंय का? परत आलं तर काय, वगैरे? उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

---

कडबा

देतो ना. शेवटच्या दिवशी तिनेच विचारलं, "आता गेला का समदा?" ते म्हणाले, "आज दिसत नाही. बहुतेक परत येणार नाही. पण तुम्हाला खोटं सांगून घरी पाठवणार नाही, येऊ शकतो. म्हणून पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायची आणि मी बोलवीन तेव्हा यायचं. आलाच, तर तेव्हा काय करायचं आणि काय नाही करायचं, ते आपण दोघं बसून ठरवू. मुलगा बाहेर बसेल."

आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाच वर्साचं क्यालेंडर मिळतं का कुठं?"

तुमचा पहिला प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या बाईला कोकणात न्यायला पाहिजे होतं. हे तुम्हाला लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला.

---

घाटमाथा

बरं केलंत लिहिलंत. बरोबर बोलल्या त्या.

---

खडीसाखर

म्हशीचं काय झालं शेवटी?

---

कडबा

विकली, एप्रिलमध्ये. धार काढायला कुणी नव्हतं. पुढच्या भेटीला डॉक्टरांनी फाईलमधली ती ओळ खोडली. आई त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाही.